जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

श्रोतेहो, जीर्णोद्धार हा शब्द आपण देवळाविषयीं किंवा विहिरीविषयीं ऐकतों. मोटारीच्या बाबतींत तो योजिलेला ऐकून कांहीं मंडळी हंसतील. परंतु गेलीं पावणेदोन वर्षें घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्यें एका जुन्या पद्मिनीशीं झटापट केल्यानंतर या कामास मला दुसरें नांव सुचत नाहीं. देऊळ दुरुस्त करणारा शहाणा गवंडी प्रथम कळसाला सोनेरी रंग देत नाहीं. तो पायाशीं बसतो, दगड ठोकून पाहतो आणि कोणता चिरा ठेवावा व कोणता काढावा हें ठरवितो. मोटारीचेंही तसेंच आहे. ही साधी गोष्ट मला पुस्तकांतून कळली नाहीं. ती पोळ्याच्या दिवशीं संध्याकाळीं वाघाडी नदीकडच्या उतारावर कळली. ती कशी तें पुढें ओघानें येईलच.

गाडी माझ्या थोरल्या बंधूंची. १९८१ सालची प्रीमियर पद्मिनी, फिकट हिरव्या रंगाची. दादांनीं ती एका कापूस-व्यापाऱ्याकडून जुनी विकत घेतली आणि पुढें पंचवीस वर्षें वापरली. घाटंजीपासून यवतमाळ सुमारें चाळीस किलोमीटर. आमच्या आळींत रात्रीअपरात्रीं कोणाला दवाखान्यांत न्यावयाचें झालें कीं लोक दादांचें दार ठोठावीत. घरच्या आणि शेजारच्या मिळून सहा मुलींची पाठवणी याच गाडींतून झाली. दादा गेल्यावर ती शेडमध्यें उभी राहिली ती नऊ पावसाळे उभीच होती. भंगारवाला दोनदां येऊन भाव सांगून गेला. तेव्हां वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, चालती होत असेल तर करा, होत नसेल तर देऊन टाका. पण अशी डोळ्यांदेखत कुजवूं नका." जुन्या वस्तूच्या धन्याला याहून चांगला सल्ला देतां येईल असें मला वाटत नाहीं.

कामाच्या तपशिलांत शिरण्यापूर्वीं या गाडीची कुळकथा थोडक्यांत सांगणें इष्ट होईल. सोलापुरास जन्मलेले उद्योगपति शेठ वालचंद हिराचंद यांच्या खटपटीनें १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली. मुंबईच्या कुर्ला भागांतील कारखान्यांतून १९४७ सालीं पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. त्या अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्यानें जुळविलेल्या होत्या. पुढें इटलीच्या फियाट कंपनीशीं संबंध जडला आणि १९५४ पासून फियाट अकराशें ही छोटी गाडी येथें होऊं लागली. १९६४ सालीं तिचा 'अकराशें डी' हा नवा अवतार आला. १९७४ पासून त्याच अवतारास पद्मिनी हें नांव मिळालें आणि थोड्याफार फरकानें तीच गाडी विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत निघत राहिली. त्या काळीं पैसे भरून नांव नोंदवावें आणि गाडीसाठीं वर्षानुवर्षें वाट पाहावी, अशी स्थिति होती. म्हणूनच कित्येक मराठी कुटुंबांत ती केवळ वाहन राहिली नाहीं, घरची माणूस झाली. मुंबईंत तर काळ्यापिवळ्या रंगांत तिनें दोन पिढ्यांची ने-आण केली. तेथें टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेली असल्यामुळें ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या शहरांतील टॅक्सींत एकही पद्मिनी उरली नाहीं.

या टॅक्सींचे आपल्यावर मोठे उपकार आहेत. त्या हजारोंनीं धांवत होत्या म्हणून सुटे भाग बाजारांत येत राहिले आणि ते बसविणारे हातही तयार झाले. मला मिळालेले मिस्त्री अशाच एका टॅक्सीच्या गॅरेजांत उमेदीचीं पंधरा वर्षें घालवून गांवीं परतलेले. आतां हा ओघ आटूं लागला आहे. ज्यांच्या घरीं अशी गाडी उभी असेल त्यांनीं निर्णय लवकर घ्यावा तो एवढ्यासाठींच. लोखंड आणखी दहा वर्षें वाट पाहील. तें जाणणारा माणूस पाहील असें सांगवत नाहीं.

घरच्या शेडमध्यें दुरुस्तीस घेण्यास ही गाडी फार सोयीची आहे. तिचें इंजिन चार सिलिंडरांचें, १०८९ घन सेंटिमीटरांचें. सिलिंडराचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धांव ७५ मिलिमीटर. शक्ति सुमारें चाळीस घोड्यांची. आजच्या गाड्यांप्रमाणें तींत संगणकाची पेटी नाहीं. जें कांहीं घडतें तें डोळ्यांना दिसतें, कानांना ऐकूं येतें किंवा बोटांना लागतें. बॉनेट उघडलें कीं कोणता भाग काय करतो हें आठवीच्या मुलालाही समजावून देतां येतें. मात्र साधी म्हणजे निर्धोक, असा अर्थ कोणीं करूं नये.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. जुन्या गाडीनें आधीं उभें राहण्यास समर्थ व्हावें, मग थांबण्यास, मग चालण्यास आणि सर्वांत शेवटीं दिसण्यास. हा क्रम लक्षांत ठेवला म्हणजे निम्मा जीर्णोद्धार झाला. आपली हौस मात्र नेमकी उलट्या दिशेनें धांवते. आपल्याला प्रथम रंग हवा असतो, मग इंजिनाचा आवाज. ब्रेकचें नांव सर्वांच्या मागून निघतें.

प्रथम उभें राहण्याविषयीं. पद्मिनीला ट्रकप्रमाणें वेगळी चॅसी नसते. तळाचा पत्रा, दारांखालचे पोकळ पट्टे, खांब आणि छप्पर हें सर्व मिळूनच तिचा सांगाडा होतो. दारांखालच्या पट्ट्यांस मिस्त्री मंडळी सिल म्हणतात. मडगार्डवरचा गंज फक्त कुरूप दिसतो, सिलमधला गंज गाडीचा कणा पोखरतो. लोखंड गंजण्यास पाणी आणि प्राणवायु या दोहोंची गरज असते. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो. त्यामुळें दोन पत्र्यांच्या सांध्यांत तो पाचरीसारखा शिरून सांधा फाकवितो. आमच्याकडची काळी माती पाणी धरून ठेवणारी. पावसाळ्यांत ती फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते, आणि तिच्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या पोटाला महिनोन्‌महिने ओल लागत राहते. दादांची गाडी वरून धुळकट पण धड दिसत होती. खालून पाहिलें तेव्हां डाव्या बाजूची सिल पापडासारखी चुरली.

तपासणीचीं साधनें दोनच आहेत, एक लहान हातोडी आणि एक लोहचुंबक. हातोडीनें हलकेंच ठोकीत जावें. निरोगी पत्रा टणत्कार करतो, कुजलेला भद्द वाजतो. लोहचुंबक जेथें चिकटणार नाहीं तेथें पत्र्याऐवजीं जाड लांबी भरलेली आहे असें समजावें. कुजलेला भाग कापून तेथें त्याच जाडीचा नवा पत्रा वेल्डिंगनें जोडावा. गंजक्या पत्र्यावर नवा पत्रा चढविणें म्हणजे जखम न धुतां वर पट्टी बांधणें होय. सिल कापतांना एक काळजी अवश्य घ्यावी. गाडीला खालून सर्व बाजूंनीं आधार द्यावा आणि दाराच्या चौकटींत तात्पुरता आडवा गज जोडून ठेवावा. नाहींतर सांगाडा मध्यें लचकतो आणि पुढें जन्मभर दार नीट लागत नाहीं. वेल्डिंगपूर्वीं बॅटरीच्या तारा सोडाव्या, आणि पेट्रोलची टांकी काढून दूर उघड्यावर ठेवावी. दारांच्या तळाशीं पाणी वाहून जाण्यासाठीं बारीक भोकें असतात. तीं मातीनें बुजलीं म्हणजे दार आंतून कुजतें. वर्षांतून दोनदां तीं तारेनें मोकळीं करणें हा फुकटचा आणि उत्तम उपाय आहे.

गाडीखालीं शिरण्याचा प्रसंग वारंवार येतो. म्हणून सांगतों, केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखालीं कोणींही, क्षणभरही जाऊं नये. जॅक हा उचलण्यासाठीं आहे, धरून ठेवण्यासाठीं नाहीं. खालीं लोखंडी घोड्या लावाव्या, चाकांना दगड द्यावे आणि गाडी हलवून पाहावी. मगच अंग आंत घालावें.

दुसरी गोष्ट थांबण्याची. या गाडीचे ब्रेक द्रवाच्या दाबानें चालतात. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणीं दाब दिला तर तो सर्व दिशांस सारखाच पोहोंचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेंत शिकलों. पायानें पॅडल दाबलें कीं मास्टर सिलिंडरांतील दट्ट्या ब्रेक ऑइलवर दाब देतो. तो दाब बारीक नळ्यांतून चारही चाकांच्या सिलिंडरांपर्यंत जातो आणि तेथील दट्टे ब्रेकचे लायनर ड्रमवर दाबतात. द्रव दाबला जात नाहीं, म्हणून ही योजना चालते. हवा दाबली जाते, म्हणून नळींत हवेचा बुडबुडा शिरला कीं पॅडल लिबलिबीत होतें. त्या काळच्या या योजनेंत चारही चाकांचा मार्ग एकच असतो. त्यामुळें एका चाकाचा सिलिंडर फुटला तर उरलेल्या तिघांचा दाबही त्याच वाटेनें निघून जातो. आजच्या गाड्यांत दोन स्वतंत्र मार्ग ठेवतात ते याचसाठीं.

ब्रेक ऑइलला हवेंतील ओलावा शोषून घेण्याची खोड आहे. डॉट ३ या प्रतीचें ताजें ऑइल निदान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाहीं, परंतु ओलावा भिनल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरूं शकते. उकळलें कीं वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दाबली जाते. उभ्या गाडींत हाच ओलावा सिलिंडरांच्या गुळगुळीत भिंतीला आंतून खड्डे पाडतो. बाहेरून थेंब दिसत नाहीं, कारण वाळलेलें रबर त्या जागीं चिकटून बसलेलें असतें. तें पहिल्यांदां जोरानें सरकलें म्हणजे खड्ड्यावर फाटतें.

येथें मला माझी चूक सांगितली पाहिजे. सिल पुरी झाली, आणि मला इंजिनाचा आवाज ऐकण्याची घाई झाली. ब्रेकचें काम मीं उरकून टाकलें. चार चाकांपैकीं तीन चाकांचे सिलिंडर पाझरलेले दिसले, ते नवे घातले. मागचा उजवा कोरडा दिसला, म्हणून काटकसरीनें तसाच ठेवला. मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, इंजिन बिघडलं तं बोंबलते. बिरेक मुका असते." मीं तें हंसण्यावारी नेलें. पुढें इंजिन चालूं झालें. पोळ्याच्या दिवशीं मिस्त्री सुट्टीवर होते. मी मात्र हुरळून जाऊन अकरा वर्षांच्या नातीला शेजारीं बसविलें आणि गाडी बाहेर काढली. बाजारापर्यंत सर्व ठीक चाललें. नदीकडच्या उताराला पाय दिला तों पॅडल भुईला टेकलें. समोरून शिंगें रंगविलेली, झूल घातलेली बैलजोडी घेऊन एक मुलगा येत होता. मीं गिअर उतरविला, हातब्रेक ओढला आणि गाडी कडेच्या मातीच्या ढिगांत घातली. हातब्रेकची योजना यांत्रिक, द्रवाशीं तिचा संबंध नाहीं, म्हणून आम्ही वांचलों. बैल दहा-बारा हातांवर उभे होते. नात रडली नाहीं. तिनें एवढेंच विचारलें, "आजोबा, तुम्हांला ठाऊक होतें का?" या प्रश्नाचें उत्तर मी तेव्हां देऊं शकलों नाहीं. ठाऊक होतें असें म्हणणें भाग होतें, कारण मला सांगण्यांत आलें होतें.

म्हणून माझें आग्रहाचें सांगणें असें कीं, उभ्या राहिलेल्या गाडीच्या ब्रेकमध्यें 'हें अजून चालेल' असा भाग नसतो. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर, रबरी नळ्या आणि ऑइल हें सर्व एकदमच नवें घालावें. लोखंडी नळ्या काढून बोटानें चाचपून पाहाव्या, गंजलेल्या बदलाव्या. ब्रेकचें रबर पेट्रोलनें किंवा इंजिनच्या तेलानें कधीं पुसूं नये, तें फुगून निकामी होतें. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो व त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे. म्हणून ड्रम उघडल्यावर फुंकर किंवा हवेचा झोत न मारतां ओल्या फडक्यानें पुसावें. ऑइल भरल्यावर मास्टर सिलिंडरापासून सर्वांत लांबच्या चाकापासून आरंभ करून क्रमानें हवा काढावी. शेवटीं एकानें पॅडल पूर्ण जोरानें मिनिटभर दाबून धरावें आणि दुसऱ्यानें प्रत्येक चाकापाशीं कंदील घेऊन पाहावें. पॅडल तिळभरही खालीं सरकलें तर गाडी बाहेर काढूं नये.

तिसरी पायरी चालण्याची. फार दिवस उभ्या असलेल्या गाडीला एकदम सेल्फ मारणें हा सर्वांत सामान्य प्रमाद आहे. सिलिंडरांच्या भिंती कोरड्या पडलेल्या असतात, पिस्टनच्या रिंगा तेथल्या तेथें चिकटलेल्या असतात. जबरदस्तीनें फिरविल्यास भिंतीवर ओरखडे उठतात. त्याऐवजीं चारही प्लग काढून त्या भोकांतून थोडें पातळ तेल सोडावें, दोन-तीन दिवस मुरूं द्यावें, आणि मग इंजिन हातानें सावकाश फिरवून पाहावें. तें मोकळें फिरलें म्हणजे जुनें ऑइल काढून नवें भरावें. टांकींतील जुनें पेट्रोल निरुपयोगी झालेलें असतें. त्यांतील हलका अंश उडून जातो आणि मागें राळेसारखा चिकट थर राहतो. कार्बोरेटरचीं जेटें बारीक भोकांचीं. हा थर तीं बंद करतो. म्हणून टांकी, नळी, पंप आणि कार्बोरेटर हीं सर्व धुऊन स्वच्छ करावीं. हें काम उघड्यावर, आसपास दिवा अगर विडी नसतांना करावें. इंजिन चालूं करतांना शेडचीं दारें सताड उघडीं असावीं. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नाहीं व वास नाहीं, आणि तो माणसाला झोंप लागल्यासारखें करून मारतो.

या इंजिनाचा ठोकळा ओतीव लोखंडाचा, पण वरचें हेड ॲल्युमिनियमचें आहे. ॲल्युमिनियम उष्णतेनें ओतीव लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतें. त्यामुळें पाणी आटून इंजिन एकदां जरी फार तापलें तरी हेड वांकतें, गॅस्केट जळतें आणि पाणी सिलिंडरांत शिरतें. आमच्या वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत हा धोका पुस्तकी राहत नाहीं. हेडची पाठ सरळ पट्टी ठेवून पाहावी. वांक असेल तर लेथवाल्याकडून ती पातळ तासून घ्यावी. आमचें हेड त्यासाठीं यवतमाळास न्यावें लागलें. बसवितांना बोल्ट मध्यापासून आरंभ करून आडवेतिडवे, दोन-तीन फेऱ्यांत, मापाच्या पान्यानें आवळावे. विहिरीचें जड पाणी रेडिएटरांत भरूं नये. त्याचा क्षार आंत थर धरतो आणि उष्णता बाहेर जाऊं देत नाहीं. शुद्ध केलेलें पाणी व कूलंट वापरावें.

ठिणगीची व्यवस्थाही सुबोध आहे. डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट उघडले कीं कॉइलमध्यें प्रचंड दाबाची वीज उत्पन्न होते आणि ती पाळीपाळीनें प्लगकडे जाते. ही पाळी एक, तीन, चार, दोन अशी आहे. तारांची अदलाबदल झाली तर नवें इंजिनही मेल्यासारखें पडून राहतें. पॉइंटांमधील फट अर्ध्या मिलिमीटरहून किंचित् कमी असावी. जुन्या तारांवरचें आवरण वाळून तडकलेलें असतें. तें आगीला आमंत्रण आहे, म्हणून तारांचा संच नवाच घालावा.

एक गोष्ट दादांच्या वेळीं नव्हती ती आतां लक्षांत घ्यावी लागते. २०२५ पासून देशांतील बहुतेक पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळतें. ही गाडी त्यासाठीं घडविलेली नाहीं. इथेनॉल जुन्या रबराला मऊ करतें, टांकींतला जुना गंज सुटा करून पुढें लोटतें आणि हवेंतील पाणी ओढून घेतें. म्हणून इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या नळ्या व पंपाचा पडदा घालावा, वाटेंत गाळणी बसवावी आणि गाडी महिनोन्‌महिने भरल्या टांकीनें उभी ठेवूं नये.

चौथी आणि शेवटची पायरी दिसण्याची. येथें मुख्य प्रश्न रंगाच्या छटेचा नसतो. काय राखावें हा असतो. नव्या रंगाचा गुळगुळीतपणा खालच्या तयारीवर अवलंबून असतो. गंज पत्र्यापर्यंत काढणें, गंजरोधक प्रायमर देणें, लांबी अगदीं पातळ भरणें आणि पाण्याच्या कागदानें धीर धरून घासणें, या चार गोष्टी झाल्या तरच वरचा रंग टिकतो. आम्ही गाडीचा मूळचा फिकट हिरवा रंग कायम ठेवला. पाठीमागच्या सीटवर एके ठिकाणीं मेंदीचा डाग आहे. सीटवाला तें कापड बदलूं म्हणत होता, वहिनींनीं बदलूं दिलें नाहीं. स्टिअरिंगच्या कडेला दादांच्या बोटांनीं पडलेली झीज आहे, तीही तशीच आहे. जें धोका उत्पन्न करतें तें निर्दयपणें बदलावें आणि जें केवळ जुनें दिसतें तें विचार करून राखावें, एवढा विवेक मीं त्यांतून घेतला.

काढलेल्या भागांविषयीं शाळामास्तरी सल्ला देतों. प्रत्येक भाग काढण्यापूर्वीं त्याचें छायाचित्र घ्यावें, स्क्रू वेगवेगळ्या डब्यांत ठेवून डब्यावर चिठ्ठी लावावी आणि रोजच्या कामाची वहींत तारीखवार नोंद करावी. वर्षभरानंतर 'हा वायसर कोठला' हा प्रश्न पडतो तेव्हां स्मरणशक्ति उपयोगी पडत नाहीं, वही पडते.

कायद्याची बाजूही पाहावी. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर परिवहन कार्यालयांत गाडी तपासून घेऊन दर पांच वर्षांनीं नूतनीकरण करावें लागतें, आणि महाराष्ट्रांत पर्यावरण कर भरावा लागतो. काम हातीं घेण्यापूर्वींच नोंदणीचीं कागदपत्रें, मालकाच्या वारसाची नोंद आणि इंजिन व सांगाड्यावरचे क्रमांक जुळतात कीं नाहीं हें पाहून घ्यावें, नाहींतर सर्व खर्च करून गाडी शेडबाहेर काढतां येत नाहीं. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपांत राखलेल्या गाड्यांसाठीं केंद्र सरकारनें जुलै २०२१ मध्यें विंटेज वाहनांचे स्वतंत्र नियम केले. अशा गाडीच्या क्रमांकांत 'व्हीए' हीं अक्षरें येतात, मात्र ती रोजच्या किंवा धंद्याच्या वापरास चालत नाहीं. १९७४ च्या पहिल्या पद्मिनी आतां या वयांत आल्या आहेत. मूळ रूप न मोडण्याचें महत्त्व यावरूनही ध्यानांत येईल.

हा खटाटोप पैशाच्या हिशेबानें परवडतो काय, असें मला पुष्कळांनीं विचारलें. परवडत नाहीं. त्याच पैशांत याहून जलद आणि थंडगार अशी वापरलेली गाडी मिळाली असती. परंतु एखादी वस्तु कशी चालते, कां बंद पडते आणि पुन्हां कशी उभी राहते हें स्वतःच्या हातांनीं पाहण्याची संधि त्या पैशांत मिळाली नसती. माझी नात आतां प्लगची फट मापते आणि मिस्त्रींना प्रश्न विचारून भंडावते. ते जें सांगतात तें ती वहींत उतरवून घेते. त्या वहींत तिनें पहिल्या पानावर त्यांचें 'बिरेक मुका असते' हें वाक्य लिहून ठेवलें आहे.

गेल्या महिन्यांत वहिनींना घेऊन आम्ही यवतमाळला जाऊन आलों. त्या मागें, डाव्या बाजूला, त्यांच्या नेहमींच्या जागीं बसल्या. जातांना त्या फारसें बोलल्या नाहींत. परत येतांना गांव जवळ आलें तेव्हां म्हणाल्या, "भाऊजी, इथें ते नेहमीं गाडी हळू करीत." मीं ब्रेकवर पाय ठेवला. गाडी हळू झाली.

श्रोतेहो, आपल्या घरीं किंवा आप्तांकडे अशी गाडी उभी असेल तर तिच्या रंगाचा विचार तूर्त बाजूस ठेवावा. एखाद्या रविवारीं लहानशी हातोडी घेऊन तिच्या पायाशीं बसावें आणि पत्रा काय सांगतो तें ऐकावें. मग चालती करावयाची कीं देऊन टाकावयाची, तें ठरवावें. दोन्ही निर्णय सन्मानाचे आहेत. कुजत ठेवणें तेवढें नको.